स्थूलता आणि आपले ताट : एका धान्य-व्यापाऱ्याचा हिशेब

धान्याच्या पेढीवर उभा जन्म घालविलेल्या माणसाने ‘धान्य कमी खा’ असे लिहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु माल विकणाऱ्यास मालाचे गुण जसे ठाऊक असावे लागतात, तशाच त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्या लागतात. पूर्वी गिऱ्हाईक तांदूळ नवा की जुना, गव्हात ओल आहे की नाही, एवढेच विचारी. सांप्रत ‘वजन उतरविण्यास कोणते धान्य चांगले?’ असा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतो. कोणी गहू सोडून ज्वारी नेतो, कोणी तांदूळ सोडून नाचणी नेतो, तर काही तरुण मंडळी धान्य अजिबात बंद करून बसली आहेत. आपल्या समाजातील व्यापारी बंधु-भगिनींना या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रश्न लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत अधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, शेकडा २६.४. स्थूलता ही या व्याधीची सख्खी बहीण होय. आपल्याकडील लोकांत चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती अधिक. म्हणून पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत गादीवर बसणाऱ्या आपल्या वर्गात या मापात बसणारे किती निघतील, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

अन्नातील पिष्ट आणि साखर यांना मिळून कर्बोदके म्हणतात. ती कमी करून वजन उतरविण्याची कल्पना नवी नाही, आणि तिचा पहिला गाजलेला प्रचारक कोणी वैद्य नसून एक व्यावसायिक गृहस्थ होता, हे आपणांस वाचून कौतुक वाटेल. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ अंत्यविधीच्या व्यवस्थेचा पिढीजात धंदा करीत. उंची पाच फूट पाच इंच, आणि १८६२ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, वजन २०२ पौंड. कानाच्या तक्रारीकरिता ते डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेले असता त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर, दूध व लोणी हे पदार्थ वर्ज्य करण्यास सांगितले. वर्षभरात बँटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेत लिहून ती स्वखर्चाने वाटली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत आजही वजन उतरविण्यास ‘बांता’ असे क्रियापद आहे. पुढे १९७२ साली अमेरिकेत डॉक्टर रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने ही पद्धत पुन्हा घरोघर नेली.

मात्र या दोन्ही पाश्चात्त्य पद्धतींचा आधार मांस, मासे व अंडी हा आहे, आणि आपल्या समाजाचा खरा पेच येथेच आहे. शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला राहणारी आपली मुले हे तक्ते जसेच्या तसे वाचतात आणि आरोग्य हवे तर अंडे खाल्ल्यावाचून गत्यंतर नाही, अशी त्यांची समजूत होते. घरात वादंग होतो. वडील धर्माचा दाखला देतात, मुलगा शास्त्राचा. माझ्या मते हा वाद निराधार आहे. पिष्ट कमी करण्यासाठी आपला आहारधर्म सोडावा लागत नाही. ताटातील प्रमाण तेवढे बदलावे लागते. हे कसे, ते पुढे मांडतो.

प्रथम शरीराचा व्यवहार पाहू. शरीराची दोन कोठारे आहेत. एक लहान, यकृत व स्नायू यांतील. तेथे पिष्टापासून झालेली साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. तिची साठवण फार तर चार-पाचशे ग्रॅम. दुसरे कोठार चरबीचे. त्याला जणू भिंतीच नाहीत. लहान कोठार भरलेले असताना माल येतच राहिला, तर जास्तीचा माल मोठ्या कोठारात जातो. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की इन्सुलिन हा रस स्रवतो आणि तो आवक साठविण्याचे काम करवितो. तो चढा असेपर्यंत चरबीच्या कोठाराचे दार बहुधा बंदच असते. पिष्टाची आवक घटविली म्हणजे लहान कोठार रिकामे होऊ लागते व शरीर चरबीकडे वळते.

येथे एक खुलासा अवश्य करावयास हवा. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात काटा झपाट्याने दोन-तीन किलो खाली येतो, ते बहुतांशी पाणी होय. पुढे वेग मंदावतो तेव्हा अनेक जण निराश होऊन पथ्य सोडतात. वास्तविक चरबीची खरी उतरण तेव्हाच चालू झालेली असते.

आता आपल्या मालाचा भाव पाहू. पैशांचा नव्हे, पिष्टाचा. शंभर ग्रॅम तांदळात कर्बोदके सुमारे ७८ ग्रॅम. गहू, ज्वारी व नाचणी यांत ७० च्या आसपास. बाजरीत ६५ च्या आसपास. सबब, गव्हाऐवजी ज्वारी नेली म्हणजे पिष्ट कमी झाले, हा समज बरोबर नाही. ज्वारी-नाचणीत तंतुमय भाग चांगला, भाकरीने पोट लवकर भरते, हा लाभ खरा. पण चार भाकऱ्या त्या चार भाकऱ्याच. साबुदाण्यात तर ८७ ग्रॅम पिष्ट असून प्रथिने नावालाही नाहीत. याउलट तूर, मूग व हरभरा यांच्या डाळींत २१ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि पिष्टही धान्यापेक्षा कमी व सावकाश पचणारे असते. भुईमुगात २५ ग्रॅम प्रथिने, तर सोयाबीनमध्ये त्याहूनही पुष्कळ अधिक.

एका सामान्य व्यापारी घरातील दिवसाचा जमाखर्च मांडून पाहावा. सकाळी पाऊणशे ग्रॅम पोहे : कर्बोदके ५८ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या ६३ व पाऊणशे ग्रॅम तांदळाचा भात ५८. संध्याकाळी पुन्हा तेवढेच, १२१. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, ४०. एकूण ३४०. वरण, दूध, फळे यांतील निराळे. आणि बेळगावचा कुंदा, सणाचे मांडे किंवा इंदूरच्या नातलगांकडील पोहे-जिलबी यांचा हिशेब तर खात्यावर चढतच नाही. आपल्या पेढीवरील हमाल याहून अधिक भाकरी खातो व सडपातळ राहतो, कारण तो दिवसभर पोती वाहतो. त्याची जमा व खर्च दोन्ही मोठी. आपली जमा तेवढी मोठी.

आता हेच ताट थोडे बदलावे. सकाळी पोह्यांऐवजी साठ ग्रॅम मूगडाळीचे धिरडे, ३३. दुपारी दोन पोळ्या ४२, आणि पंचवीस ग्रॅम तांदळाचा भात, केवळ आमटीची चव राखण्यापुरता, २०. संध्याकाळी एक भाकरी, ३५. चहा बिनसाखरेचा. एकूण १३० ग्रॅम. रिकाम्या जागी दुपट्ट भाजी, वाटीभर घट्ट आमटी किंवा झुणका, मूठभर भाजलेले शेंगदाणे, घरी लिंबू पिळून केलेले पनीर. या जादा पदार्थांतील पिष्ट धरले तरी बेरीज दोनशेच्या आत राहते. दोडका, दुधी, भेंडी, गवार, काकडी, मेथी या भाज्यांत पिष्ट अत्यल्प. कंदमुळे तर आपण मुळातच वर्ज्य मानतो. ज्यांना मोड आलेले कडधान्य चालत नाही, त्यांनी केवळ भिजवून शिजविलेल्या मुगाची उसळ करावी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही-ताक डाळीच्या जेवणात न घेता निराळ्या वेळी घ्यावे. चातुर्मासात वा पर्वतिथीस हिरवी भाजी बंद असेल, तर त्या दिवशी डाळीचा आधार वाढवावा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची आपली रीत ज्यांनी टिकविली आहे, त्यांना रात्री दहानंतरच्या फरसाणापासून आपोआपच संरक्षण मिळते.

माझ्या घरी हे पथ्य दोन वर्षांपासून चालू आहे. प्रारंभी माझे वजन ८६ किलो व कंबर १०४ सेंटिमीटर होती. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले, पुढे महिन्यास अर्धा-पाऊण किलो. वर्षअखेर वजन ७७ व कंबर ९५ झाली आणि आजतागायत तेथेच आहे. सोबत रोज पाऊण तास चालणे ठेवले. पहिले दहा-बारा दिवस डोके जड होणे, चिडचिड होणे, बद्धकोष्ठ होणे असे त्रास संभवतात. पाणी, भाजी व ताक वाढविल्याने ते निवळतात.

तथापि या पद्धतीस चमत्कार मानू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ व्यक्तींवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी, तर दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले. म्हणजे महत्त्वाचा फरक नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा व तयार पदार्थ टाळून भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते, ही गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. तात्पर्य, जे पथ्य माणूस वर्षानुवर्षे निभावू शकेल तेच त्याचे पथ्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत धान्यापासून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या शेकडा ४५ हून अधिक नसावेत, असे सांगितले आहे. धान्य शून्यावर आणा, असे तिचे म्हणणे नाही, माझेही नाही.

सावधगिरीचे चार शब्द मोठ्या अक्षरात वाचावेत. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता पिष्ट एकाएकी कमी केले, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या औषधांबरोबर अतिअल्प पिष्टाचा आहार घेतल्यास रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने स्वतःच्या मताने वाढवू नयेत. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांच्याकरिता हे पथ्य नव्हे. ‘पिष्ट नाही ना, मग तूप हवे तितके’ हा तर्कही घातक आहे. एक ग्रॅम तुपात नऊ उष्मांक, पिष्टात चारच. शिवाय आपल्या शाकाहारात बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव राहण्याचा संभव असल्याने त्याची तपासणी करून घेणे इष्ट.

आणखी एक गल्लत टाळावी. आयंबिलात तूप, तेल, दूध, साखर वर्ज्य असते व आहार मुख्यतः धान्य-कडधान्याचा असतो. म्हणजे वरील पथ्याच्या तो जवळजवळ उलट आहे. तप हे तपाच्या ठिकाणी. ते वजनाच्या काट्यावर मोजण्याची वस्तू नव्हे, आणि पथ्यास तपाचे नाव देऊन मिरविण्याचेही कारण नाही. मात्र भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचा ऊनोदरीचा संस्कार ज्या समाजात आहे, त्याला प्रमाणाची भाषा नव्याने शिकवावी लागू नये.

कोणी म्हणेल, सर्वांनी असे केले तर आपल्या धंद्याचे काय? माझा अनुभव असा की गिऱ्हाइकाच्या यादीत तांदूळ-गहू कमी झाले, तेव्हा मूग, हरभरा, तूर व शेंगदाणे वाढले. माल बदलतो, व्यापार राहतो. आणि बाजारपेठेत पंचेचाळिशीचा कर्ता पुरुष अकस्मात गेला व पेढीला कुलूप लागले, असे प्रसंग आपण सर्वांनीच पाहिले आहेत. तो तोटा कोणत्याही भावाने भरून निघत नाही.

म्हणून संघाच्या कार्यकारी मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, वार्षिक सभेच्या दिवशी सभासद व त्यांच्या कुटुंबियांची कंबर, वजन व रक्तातील साखर मोजण्याची सोय करावी. खर्च एका स्नेहभोजनातील मिष्टान्नाहून अधिक येणार नाही. दुसरी, त्या दिवशीच्या पंगतीत तीन गोड पदार्थांऐवजी एकच ठेवावा, आणि घट्ट वरण, उसळ, दोन भाज्या व काकडीची कोशिंबीर आधी वाढून भात मागाहून आणावा. धान्य मोजून देण्यात आपल्या पिढ्या गेल्या आहेत; ते मोजून खाण्याची सुरुवात आपल्याच पंगतीपासून व्हावी, एवढीच विनंती.