दाढेतली सळई आणि मुसळाचं कडं

मागच्या बैठकीला आमच्या गटातल्या एक ताई रुमालात दाढेचा तुकडा गुंडाळून घेऊन आल्या. सुळ्यामागची लहान दाढ. दीड वर्षापूर्वी तिचं रूट कॅनल झालं होतं. ठणका थांबला. डॉक्टरांनी कॅप बसवायला बोलावलं, पण तेव्हा धाकटीची फी भरायची होती. दुखत नाही तर कॅप कशाला, म्हणून राहून गेलं. आणि परवा शिळी भाकरी चावताना दाढ तुटली. आता आत पोस्ट घालायची म्हणतात. ताई म्हणाल्या, "पोस्ट म्हणजे सळईच ना? मग दाढ पहिल्यापेक्षा पक्की होईल की!"

तसं होत नाही. आज तेच सांगायचंय.

रूट कॅनलमध्ये आतली सडलेली नस काढतात, मुळातली पोकळी साफ करून रबरासारख्या पदार्थाने भरतात. असा दात वाळून ठिसूळ होतो असं आपण म्हणतो. खरं तर वाळण्याने फारसं काही बिघडत नाही. थोडा भाग किडीने खाल्लेला असतो, थोडा डॉक्टरांना आत जायला कोरावा लागतो. उरलेल्या भिंती पातळ असतात, आणि चावण्याचा जोर त्यांच्यावर येतो.

पोस्ट बसवताना मुळातला वरचा भराव काढतात, टोकाकडचा चार-पाच मिलिमीटर तसाच ठेवतात. त्या जागेत बारीक सळई चिकटवतात. तिच्याभोवती कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला, थराथराने लावून निळ्या उजेडाने कडक करतात. हा झाला कोअर. त्यावर कॅप. सळईचं काम एवढंच, की कोअर धरून ठेवायचा. मुळाला ती बळ देत नाही. उलट तिच्यासाठी मूळ जास्त कोरलं, तर तेच पातळ होतं. मागच्या मोठ्या दाढांना तर बहुतेक वेळा पोस्ट लागतही नाही, आतली पोकळीच कोअर धरायला पुरते.

मग बळ येतं कुठून? मुसळ आठवा. त्याच्या टोकाला लोखंडी कडं असतं, म्हणून कितीही कांडलं तरी लाकूड फाटत नाही. कॅपचा काठ दाताला तसाच आवळून धरतो. पण कड्याला धरायला लाकूड हवं ना! हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याइतका, आपला स्वतःचा दात उरलेला हवा. तो नसेल तर महागातली पोस्टही फार काळ टिकत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: हिरडीवर माझा दात किती शिल्लक आहे?

पोस्ट धातूची असते किंवा काचेच्या धाग्यांची, तिला फायबर पोस्ट म्हणतात. धातूची ताठ. जोर जास्त झाला तर मूळ उभं चिरण्याची भीती, आणि मूळ चिरलं की दात काढावाच लागतो. फायबरची दाताबरोबर थोडी लवते. ती सुटते किंवा मोडते, पण मूळ शाबूत असेल तर पुन्हा बसवता येते. चिकटवताना मात्र लाळेचा थेंबही आत जाता कामा नये. डॉक्टर तोंडात रबराचा पडदा लावतात तो त्यासाठीच, कंटाळून काढायला सांगू नका.

खर्चाचं म्हणाल, तर पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, पैसे कमी लागतात. म्हशीच्या औषधाला गटाचं कर्ज मागताना आपण लाजत नाही, मग कॅपसाठी का लाजायचं?

ताईंना आम्ही कर्ज दिलंय. त्यांची दाढ एका बाजूला हिरडीपर्यंत तुटलीय, त्यामुळे पोस्ट टिकेल की नाही ते तपासल्यावरच कळेल. सोमवारी त्या धनकवडीला जातायत. रूट कॅनलच्या वेळचा एक्स-रे सोबत न्यायला सांगितलाय.