क्रँक आखूड, गुडघा मोकळा

विजेची मदत घेणारी डोंगरी सायकल, जिला तरुण मंडळी ‘ई-एमटीबी’ म्हणतात, ती आता केवळ तरुणांची राहिलेली नाही. पन्नाशी ओलांडलेले अनेक स्त्री-पुरुष ती आवडीने घेऊ लागले आहेत. चढावर मोटर हातभार लावते, जाड टायर खडी आणि खड्डे सोसतात. त्यामुळे वर्षानुवर्षे व्यायाम सुटलेल्या माणसालाही पुन्हा घराबाहेर पडण्याचा धीर येतो. परंतु यांपैकी काही जण महिना-दोन महिन्यांत गुडघा धरून दवाखान्यात येतात. ‘या वयात सायकल कशाला?’ हा प्रश्न त्यांना घरी आणि शेजारी विचारून झालेला असतो. सायकल सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी आपण तिच्या एका साध्या भागाकडे पाहावे, एवढ्यासाठी हा लेख. तो भाग म्हणजे क्रँक.

क्रँक म्हणजे काय?

सायकलच्या मध्यावरील एक्सलला दोन्ही बाजूंनी जे दांडे जोडलेले असतात आणि ज्यांच्या टोकांना पायडल बसवलेले असते, ते क्रँक. एक्सलच्या मध्यापासून पायडलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे क्रँकची लांबी. बहुधा ती दांड्याच्या आतल्या बाजूस मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. प्रौढांच्या सायकलींना सर्वसाधारणपणे १७० ते १७५ मिमी लांबीचे क्रँक असतात. सहा फूट उंचीच्या तरुणाला जो क्रँक मिळतो, तोच पुष्कळदा पाच फूट उंचीच्या गृहिणीलाही मिळतो. आपण चपला मापाच्या घेतो, चष्मा नंबराचा घेतो. क्रँक मात्र दुकानातून जसा आला तसा वापरतो.

गुडघ्याचे गणित

पायडल सर्वांत वर येते तेव्हा गुडघा सर्वाधिक वाकतो. नेहमीच्या क्रँकवर हा वाक सुमारे ११० अंशांचा असतो. वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि वाक वाढतो तसा हा दाबही वाढतो. उकिडवे बसून उठताना किंवा जिना चढ-उतरताना ज्यांचा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो, त्यांनी हा दाब अनुभवलेला आहे. मिनिटाला ७० फेरे या गतीने तासभर सायकल चालवली, तर प्रत्येक गुडघा ४,२०० वेळा असा वाकतो. थोडाही अधिकचा ताण इतक्या वेळा पडला, की झिजू लागलेली कूर्चा तक्रार करणारच.

आता १७० मिमीच्या जागी १५५ मिमीचा क्रँक बसवला असे समजा. तळाशी पायडल १५ मिमी वर राहील, म्हणून सीटही तेवढीच वर घ्यावी लागेल. वरच्या टोकाला पायडल १५ मिमी खाली राहील. म्हणजे पाय दुमडण्यासाठी मिळणारी जागा एकूण ३० मिमीने वाढली. मध्यम उंचीच्या माणसात यामुळे गुडघ्याचा वाक साधारण पाच अंशांनी कमी होतो. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात. परंतु ज्याचा सांधा नेमक्या त्याच टोकाला दुखतो, त्याच्यासाठी ते पुरेसे ठरू शकतात. खुब्याचा सांधाही तुलनेने मोकळा राहतो आणि पोट सुटलेल्या माणसाची मांडी दर फेऱ्याला पोटावर आपटत नाही. गुडघा पुरेसा वाकत नसलेल्या रुग्णांना स्थिर सायकलवर व्यायाम देताना फिजिओथेरपिस्ट आखूड क्रँक वापरतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

डोंगरी वाटेवर आणखी एक लाभ होतो. या सायकलींची मोटर प्रामुख्याने पायडल फिरत असतानाच मदत करते, म्हणून दगडगोट्यांच्या चढावरही पाय थांबवता येत नाहीत आणि खाली आलेले पायडल दगडाला थडकते. पायडल १५ मिमी वर राहिल्याने असे थडकणे आणि त्यातून होणारे पडणे कमी होते.

जोर कमी पडणार नाही का?

ही शंका रास्त आहे. क्रँक ही तरफ आहे. ती आखूड झाली की त्याच जोरात मिळणारे बळ घटते. १७० वरून १५५ मिमीवर आल्यास ही घट सुमारे नऊ टक्के होते. उपाय सोपा आहे. एक गिअर हलका घ्यावा आणि पाय थोडे भरभर फिरवावेत. मिनिटाला ७० फेऱ्यांऐवजी साधारण ७७ फेरे झाले, की हिशेब पूर्ण होतो. साध्या सायकलवर तीव्र चढाला हे जड जाईल; विजेच्या सायकलवर मात्र ती उणीव मोटर सहज भरून काढते. म्हणूनच आखूड क्रँक या सायकलींना विशेष मानवतो.

जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिर्डुसो या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित सायकलपटूंना १२० ते २२० मिमी अशा पाच लांबींच्या क्रँकवर बसवले. १४५ आणि १७० मिमी या दोन लांबींवर त्यांची कमाल शक्ती जवळजवळ सारखीच भरली. अगदी टोकाच्या लांबींवरही फरक चार टक्क्यांच्या आसपासच होता. ही चाचणी काही सेकंदांच्या जोरदार प्रयत्नाची होती, झिजलेल्या गुडघ्यांची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तरीही ‘लांब क्रँक म्हणजे अधिक ताकद’ ही समजूत तिने ढिली केली. २०२४ ची टूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचार त्या वर्षी १६५ मिमीच्या क्रँकवर स्वार होता.

एक उदाहरण

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक, वय ६१, उंची बेताची. मधुमेह जुना. मुलाने विजेची सायकल घेऊन दिली आणि गुरुजी रोज सकाळी यवतेश्वराच्या घाटाकडे जाऊ लागले. साखर आटोक्यात आली, वजन उतरले, झोप सुधारली. मग उजवा गुडघा पुढून दुखू लागला आणि त्यांनी सायकल भिंतीला लावली. चार महिन्यांनी आले तेव्हा साखर पुन्हा चढलेली होती. म्हणाले, “डॉक्टर, सायकल सोडली की गुडघा गप्प बसतो; पण मग साखर बोलू लागते.”

त्यांना तपासले. सूज नव्हती, सांधा स्थिर होता, एक्स-रेमध्ये वयानुरूप झीज होती. प्रथम सीट वर घ्यायला सांगितले, ती फारच खाली होती. दुखणे निम्म्यावर आले. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले. तरीही चढावर पायडल वरून ढकलताना कळ येत राहिली, तेव्हा १७० चा क्रँक काढून १५५ चा बसवला. पुढच्या दोन महिन्यांत ते हळूहळू पूर्ववत घाटापर्यंत जाऊ लागले. यात श्रेय सीटचे किती, व्यायामाचे किती आणि क्रँकचे किती, याची वाटणी एका रुग्णावरून करता येत नाही. एवढे मात्र निश्चित, की त्यांचा व्यायाम वाचला. मधुमेही माणसाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे.

बदलण्यापूर्वी

आधी बिनखर्चाचे उपाय करावेत. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. त्या वेळी गुडघा सरळ व्हायला हवा. नंतर पायाचा चवडा पायडलवर ठेवल्यास गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा हलका वाक राहतो. सीट याहून खाली असेल, तर दुखण्याचे कारण बहुधा तेच असते. जड गिअरवर जोर काढण्याची सवयही सोडावी. दोन-तीन आठवड्यांत यानेही भागले नाही, तरच क्रँककडे वळावे.

बदलताना

मोटर कोठे आहे ते पाहा. आपल्याकडील परवडणाऱ्या सायकलींत ती बहुधा मागच्या चाकात असते आणि क्रँक साध्या सायकलीसारखा, चौकोनी तोंडाच्या एक्सलवर बसतो. तो काढायला पुलर लागतो. हातोडीने ठोकू देऊ नये. पायडल फिरल्याची सूचना मोटरला देणारी चुंबकांची चकती एक्सलपाशीच असते, तिला धक्का लागता कामा नये. मोटर मध्यभागी, एक्सलपाशीच असेल, तर त्या मोटरच्या दात्यांना जुळणाराच क्रँक घ्यावा लागतो. अशा वेळी कंपनीच्या कारागिराकडूनच काम करून घ्यावे. उजव्या क्रँकला चेनव्हील जोडलेले असेल, तर नव्यावरील दात्यांची संख्या जुन्याइतकीच हवी. दोन्ही बाजूंचे क्रँक एकाच लांबीचे असावेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही सांगून ठेवतो. घरी पाना चालवणारे येथेच फसतात.

बदलल्यानंतर

क्रँक जितका आखूड केला, तितकी सीट वर घ्या. हे राहून गेले, तर गुडघ्याला मिळणारा निम्मा लाभ वाया जातो. सीट वर गेल्याने हँडल तुलनेने खाली जाते. मान किंवा कंबर अवघडत असेल, तर तेही थोडे वर घ्यावे. सीटवर बसून पाय पूर्वीइतके सहज जमिनीला टेकणार नाहीत. या सायकली वजनाने बऱ्याच भारी असतात आणि तोल गेला तर सावरणे कठीण जाते. म्हणून ज्येष्ठांनी थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवण्याचा सराव मोकळ्या मैदानात आधी करावा. पहिले दोन आठवडे सपाट रस्ता, हलका गिअर आणि नेहमीच्या निम्मे अंतर, एवढेच पुरे.

मोटरची मदत किती घ्यावी? श्वास जरा वाढलेला असावा, बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम श्रम होय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे असे श्रम करण्यास सांगते आणि मोटरची मदत असली तरी पायडल मारत असाल, तर हे श्रम सायकलवर सहज होतात.

क्रँकवर विसंबू नये असे गुडघे

गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा पडल्यानंतर त्यावर भार देता येत नसेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या संमतीनेच सुरुवात करावी.

आपल्या घरात कोणाची सायकल दुखऱ्या गुडघ्यामुळे धूळ खात उभी असेल, तर या रविवारी दोन गोष्टी करा. त्यांना सीटवर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगा आणि क्रँकच्या आतल्या बाजूचा आकडा वाचा. त्या दोन मापांनंतरच सायकल ठेवायची की विकायची, हे ठरवा.