एक गळा, दोन माईक

नाशिककर गायकहो, घरी रेकॉर्डिंग करताना एकाच आवाजाला दोन माईक लावून बघाच! डायनॅमिक माईक भरीवपणा देतो, कंडेन्सर श्वासासकट बारकावे टिपतो. पंचवटीत घर असेल, तर कंडेन्सरमध्ये आरतीची घंटाही येते. तेव्हा डायनॅमिकचा ट्रॅक टेक वाचवतो.

खरी मेख अंतरात आहे. ध्वनी १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन माईकच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला, की १ किलोहर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना मारतात आणि गळा पोकळ वाटतो. म्हणून दोन्ही माईकची तोंडं ओठांपासून सारख्याच अंतरावर, अगदी खेटून वरखाली ठेवा. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटवून ऐका: आवाज एकदम पातळ झाला, तर जुळणी झकास! पोलॅरिटी पूर्ववत करा आणि गा.