हजाराचे वीस लाख

टोकरखाड्याच्या शाळेत मी मुलांना गणित शिकवतो. त्यामुळे पैशांचे प्रश्न मलाच अधिक कळत असावेत, असा पुष्कळांचा समज आहे. मध्यंतरी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एका परिचित गृहस्थांनी मला थांबवले. सिल्वासाच्या एका कारखान्यात जन्म घालवून ते नुकतेच निवृत्त झाले आहेत. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी होती व तीवर एकच हिशेब होता : १९९५ साली एका बँकेचे हजार रुपयांचे शेअर घेतले असते, तर २०२५ अखेर त्यांचे वीस लाख झाले असते. "मास्तर, भविष्यनिर्वाह निधीचे आलेले सगळे पैसे बँकेच्या शेअरांत घालावेत म्हणतो. तुम्ही फक्त एवढे सांगा, हा हिशेब खरा आहे ना?"

हिशेब खरा आहे. तो आधी नीट मांडू.

ही बँक म्हणजे मुंबईची एचडीएफसी बँक. १९९५ च्या मार्च महिन्यात तिने आपले शेअर जनतेला देऊ केले, किंमत प्रत्येकी १० रुपये. हजार रुपयांत १०० शेअर पदरी पडले असे धरू. २०११ साली बँकेने दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर फोडून दोन रुपयांचे पाच केले. शंभराचे पाचशे झाले. २०१९ साली दोन रुपयांचा शेअर फोडून एक रुपयाचे दोन केले; हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका शेअरला एक बक्षीस शेअर मिळाला. दोन हजार झाले. २०२५ साल संपताना बाजारात ह्या शेअराचा भाव हजार रुपयांच्या अगदी जवळ होता. दोन हजार गुणिले एक हजार, म्हणजे वीस लाख. आणि अधूनमधून मिळालेला लाभांश ह्यात धरलेलाच नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेअर फोडल्याने किंवा बक्षीस दिल्याने कोणी श्रीमंत होत नाही. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही. वाढ झाली ती बँकेच्या धंद्यात. मूळ रक्कम तीस वर्षांत सुमारे दोन हजार पट झाली, म्हणजे ती जवळजवळ अकरा वेळा दुप्पट झाली. दर पावणेतीन वर्षांनी एकदा. चक्रवाढीच्या भाषेत हा दर सालीना २८ टक्क्यांच्या आसपास येतो.

बँकेचा धंदा इतका वाढतो कसा? समजा, एका बँकेचे स्वतःचे भांडवल १०० रुपये आहे. त्याच्या आधारावर ती लोकांच्या ठेवी घेऊन हजार रुपयांपर्यंत कर्जे देते. ठेवीचे व्याज, नोकरांचे पगार, कर, सर्व वजा जाऊन हजारांवर दीड टक्का जरी उरला, तरी ते १५ रुपये होतात. आणि भागधारकाच्या १०० रुपयांवर ते १५ टक्के होतात. हा नफा वाटून न टाकता धंद्यातच ठेवला, की पुढील वर्षी भांडवल ११५ रुपये होते व कर्जे त्याच प्रमाणात वाढतात. चांगल्या बँकेच्या शेअरांची भरभराट होते ती अशी, दुसऱ्यांच्या पैशांवर.

आता हेच गणित उलट फिरवून पाहा. हजार रुपयांच्या कर्जांपैकी शंभरांत पाच रुपये बुडाले, तर ५० रुपये गेले. म्हणजे भागधारकाचे निम्मे भांडवल संपले. शंभरांत दहा बुडाले, तर सगळेच. वर्गात हे उदाहरण घातले की पुढल्या बाकावरचा एखादा मुलगा हटकून विचारतो, "मग ठेवीदाराचे काय?" प्रश्न योग्य आहे. नुकसान प्रथम भागधारकाने सोसावयाचे, ठेवीदाराने नंतर, हा बँकेच्या व्यवहाराचा पायाच आहे.

चिठ्ठीवर नसलेल्या बँकांची हकीकत ह्या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. १९९३ साली रिझर्व्ह बँकेने नव्या खाजगी बँकांना दार उघडले, तेव्हा एचडीएफसी बँकेच्या बरोबरीने आणखीही काही बँका निघाल्या. त्यांत हैदराबादची ग्लोबल ट्रस्ट बँक होती. तिचेही शेअर घेण्यासाठी १९९४ साली लोकांची झुंबड उडाली होती. २००४ च्या जुलै महिन्यात सरकारने तिच्या व्यवहारांवर स्थगिती आणली व पुढील महिन्यात ती ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे वाचले. भागधारकांच्या हाती शून्य आले. टाइम्स बँक २००० साली, तर सेंचुरियन बँक ऑफ पंजाब २००८ साली एचडीएफसी बँकेतच मिसळून गेली. १९९५ साली ज्याच्या हातात हजार रुपये होते, त्याला ह्यांतील कोणती बँक वाढेल व कोणती बुडेल हे कळावे कसे?

ज्या बँका जुन्या, त्या तरी निर्धास्त, असेही नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. सातारा-सांगलीकडच्या कित्येक घरांतून तिचे शेअर सोन्याच्या डागाप्रमाणे जपले जात. २००६ च्या सप्टेंबरात तिच्यावर स्थगिती आली, ऑक्टोबरात ती आयडीबीआयकडे गेली आणि भागधारकांना शेअरामागे २८ रुपये रोख देऊन व्यवहार मिटला. त्या पुष्कळ बऱ्यापैकी सुटल्या म्हणावयाचे. तमिळनाडूतील करूरची लक्ष्मी विलास बँक १९२६ सालची. २०२० च्या नोव्हेंबरात ती विलीन झाली, तेव्हा भागधारकांचे सारे भांडवल कागदावरून पुसून टाकण्यात आले.

पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण मला अधिक बोधक वाटते, कारण ही बँक बुडाली नाही, उत्तम चालू आहे. २००४ साली तिचा शेअर २३ रुपयांना मिळाला. २०२० च्या मार्चमध्ये, म्हणजे सोळा वर्षे वाट पाहून, त्याचा भाव दहा रुपयांच्या आसपास होता. पुढे बँक सावरली. २०२५ अखेर भाव साठांच्या घरात गेला. लाभांश सोडला, तर बावीस वर्षांतील वाढ सालीना साडेचार टक्क्यांच्या जवळपास पडते. पोस्टात ठेवले असते, तर अधिक मिळाले असते.

वसई-पालघरकडच्या श्रोत्यांसाठी एक खुलासा मध्येच करतो. बॅसीन कॅथॉलिक बँकेसारखी १९१८ पासूनची जुनी सहकारी बँक आपल्यापैकी अनेकांच्या घरची आहे. पण सहकारी बँकेचा शेअर बाजारात विकला जात नाही. तो परत केला की दर्शनी किंमतच मिळते व लाभांशालाही कायद्याची मर्यादा असते. तेथे हजाराचे वीस लाख होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुन्हा चिठ्ठीकडे वळू. १९९५ साली ह्या शेअरांसाठी ५५ पट मागणी आली होती. म्हणजे अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती निराशाच आली असणार. ज्यांना शेअर मिळाले, त्यांना मे महिन्यात बाजारात पहिल्याच दिवशी दहाचे चाळीसच्या आसपास दिसले. चौपट पैसे समोर दिसत असताना आणखी तीस वर्षे हात न लावणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. २०२० च्या आरंभी, महामारीच्या काळात, हाच शेअर तीन महिन्यांत सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आला होता.

शिवाय २८ टक्के ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात बरेच काही लपते. २०२० च्या अखेरीस भाव सुमारे १,४३५ रुपये होता. बक्षीस शेअराचा हिशेब जमेस धरला, तर ७१८. तेथून २०२५ च्या अखेरीपर्यंत हजाराच्या जवळ. पाच वर्षांची वाढ सालीना साडेसहा-पावणेसात टक्के एवढीच भरते. पन्नास कोटी रुपये गोळा करणाऱ्या लहान बँकेला दुप्पट होणे सोपे होते. देशातील सर्वांत मोठ्या खाजगी बँकेला पुन्हा अकरा वेळा दुप्पट व्हावयाचे, तर देशात तेवढी कर्जे घेणारे तरी कोठून यावेत?

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे घेऊच नयेत?" असे मी म्हटले नव्हते. मी फक्त विचारले, ह्या पैशांची गरज केव्हा लागणार? धाकट्या मुलीच्या परिचारिका अभ्यासक्रमाची फी पुढील वर्षापासून भरावयाची आहे आणि घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी करावयाचे आहे. तेवढी रक्कम आम्ही त्याच चिठ्ठीच्या पाठीवर मांडली व ती मुदत ठेवीकडे वळवली. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे, म्हणून दोन बँकांत. उरलेल्या रकमेविषयी आमची चर्चा चालू आहे. ती त्यांना दहा वर्षे लागणार नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या पत्नीचे मत अद्याप आम्ही विचारलेले नाही.