केशारोपण : पद्धत निवडण्यापूर्वी

केस विरळ होऊ लागले की आधी तेल बदलले जाते, मग बोअरच्या पाण्याला दोष दिला जातो आणि शेवटी एखादी जाहिरात वाचून केशारोपणाची चौकशी सुरू होते. 'पट्टीची पद्धत चांगली की एकेक मूळ काढण्याची?' हा प्रश्न तेव्हा हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर डोक्याच्या मागच्या भागात दडलेले असते.

पुरुषांमधील नेहमीचे टक्कल आनुवंशिक असते. पुरुषी संप्रेरकापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या द्रव्यामुळे कपाळावरची व टाळूवरची केशमुळे हळूहळू आक्रसतात. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या पट्ट्यातील केसांवर या द्रव्याचा फारसा परिणाम होत नाही. हे केस दुसऱ्या जागी लावले तरी आपला गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली मांडले. केशारोपणाची सारी विद्या त्यावरच उभी आहे. म्हणजे या शस्त्रक्रियेत नवा केस निर्माण होत नाही, मागचा पुढे नेला जातो. ही शिल्लक मर्यादित असते. दाट केसांच्या माणसातही आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार पुंजके सुरक्षितपणे काढता येतात. एका पुंजक्यात एक ते चार केस असतात. टक्कल मोठे असेल, तर एवढ्यात सारे डोके पूर्वीसारखे दाट होणे शक्य नाही.

पट्टीच्या पद्धतीत (एफ.यू.टी.) मागच्या भागातील सुमारे एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची त्वचेची पट्टी कापून टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीतून पुंजके सुटे करतात. मुळांची इजा कमी होते व सर्वांत भरवशाच्या जागेतील केस मिळतात. तोटा असा की आडवा व्रण कायम राहतो. केस थोडे वाढवले तर तो झाकला जातो. पण पोलीस, सैन्य किंवा कुस्तीच्या आखाड्यातील मंडळी, ज्यांना केस बारीकच ठेवावे लागतात, त्यांना तो अडचणीचा ठरतो. जखमेवर जाड गाठीसारखा व्रण येण्याची प्रवृत्ती असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

दुसऱ्या पद्धतीत (एफ.यू.ई.) सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पात्याने एकेक पुंजका काढला जातो. टाके नाहीत, दुखणे कमी, व्रण बारीक ठिपक्यांएवढे. म्हणूनच ती लोकप्रिय झाली. परंतु हात चुकला तर मूळ तुटते आणि हावेने जास्त पुंजके काढले तर मागचा भागही विरळ, कसर लागल्यासारखा दिसू लागतो. ते नुकसान सहसा भरून येत नाही. बिल पुंजक्यांच्या संख्येवर असते, हेही ध्यानात ठेवावे! जाहिरातीतील 'डी.एच.आय.' किंवा 'सफायर' ही नावे ऐकून बिचकू नये. केस बहुतेक एफ.यू.ई.नेच काढलेले असतात. फरक पेनसारख्या उपकरणाने ते लावण्याचा किंवा छिद्रे पाडणाऱ्या पात्याचा असतो.

आमच्या मते पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा. पुंजके कोण काढणार, छिद्रे कोण पाडणार, डॉक्टर पूर्ण वेळ हजर राहणार का, हे स्पष्ट विचारावे. यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून असे उपचार करणे पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये बजावले. हे काम रीतसर शिकलेल्या प्लॅस्टिक सर्जनचे किंवा त्वचारोगतज्ज्ञाचे आहे. २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केशारोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत हजारो पुंजके लावल्याची बातमी तेव्हा आली होती. दीर्घ बैठकीत भुलीच्या औषधाचे प्रमाण वाढत जाते. ॲलर्जी किंवा गुंतागुंत उद्भवल्यास तेथे तातडीच्या उपचारांची सोय आहे का, हे पाहूनच होकार द्यावा. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काहीही लपवू नये.

विशी-बाविशीत, लग्न ठरवण्याच्या घाईत, केशारोपण करू नये. टक्कल कुठवर जाईल हे तेव्हा सांगता येत नाही. पुढे लावलेले केस राहतात, मागचे मूळचे गळतात आणि मध्येच बेट तयार होते. अशा वेळी मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ वापरून पाहावीत. शस्त्रक्रियेनंतरही उरलेले केस टिकवण्यासाठी ती बहुधा चालू ठेवावी लागतात. चाई पडली असेल किंवा तापानंतर, बाळंतपणानंतर केस गळत असतील, तर केशारोपणाचा मार्ग नव्हे. ते केस पुष्कळदा आपोआप परत येतात.

लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, तेव्हा घाबरून जाऊ नये. मुळे आत शाबूत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस डोकावू लागतात आणि खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी कळतो.