दुबईतले घर आणि घरचा हिशेब

आखातात उभी हयात भाड्याच्या खोलीत काढून परतलेल्या गोमंतकीयाला, आता आपणच तेथे घरमालक व्हावे अशी भुरळ पडली, तर त्याला हसण्याचे कारण नाही. २००२ साली दुबईने ठरावीक भागांत परकीयांना मालकी हक्काने घरे घेण्याची मुभा दिली. २००६ च्या कायद्याने तिला नोंदणीचा आधार मिळाला. इकडे रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठविण्याची जी खिडकी उघडली, ती आज अडीच लाख डॉलरांइतकी रुंद आहे. विदेशी चलनासाठी अर्जांवर अर्ज लिहिण्याचा जमाना आठवला म्हणजे याचे नवल वाटते, ते असो.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात भाड्याचा आकडा ठळक असतो, वजाबाकी नसते. खरेदीच्या वेळीच किमतीच्या ४ टक्के नोंदणी शुल्क जाते. १० लाख दिर्हमांच्या सदनिकेचे भाडे वर्षाला ६० हजार आले असे समजू. चौरस फुटांवर आकारला जाणारा देखभालखर्च, व्यवस्था पाहणाऱ्याचे कमिशन आणि भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे महिने वजा जाता हाती ४५ हजार उरले तरी नशीब म्हणावे. तेथे भाड्यावर प्राप्तिकर नाही हे खरे. पण भारतात राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नावर येथे कर द्यावा लागतो, आणि विवरणपत्रात त्या घराची नोंद करावयाची राहिली तर २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची टांगती तलवार असते.

घरांचे भाव चढतच राहतात असे सांगणाऱ्याला २००८ ची आठवण द्यावी. त्या मंदीत तेथील भाव निम्म्याच्या आसपास कोसळले, अर्धवट इमारतींत कित्येकांचे हप्ते अडकले. जे टिकून राहिले त्यांना तारले ते रुपयाच्या घसरणीने. दिर्हम १९९७ पासून एकाच दराने डॉलरला जखडलेला आहे. २००८ च्या आरंभी ११ रुपयांच्या आत मिळणारा दिर्हम २०२४ अखेर २३ रुपयांवर गेला. म्हणजे असे घर घेणारा विटांवर कमी आणि आपल्याच चलनाच्या अशक्तपणावर अधिक पैज लावीत असतो. धनिकांनी ती खुशाल लावावी. निवृत्तीचा फंड घेऊन निघालेल्यांची मात्र आम्हांला काळजी वाटते. त्यांनी घ्यायचीच तर पुरी बांधलेली, भाडेकरू नांदत असलेली सदनिका पाहावी. आणि नकाशावरच्या इमारतीसाठी सही करण्याआधी तिकीट काढून जावे व तो परिसर एकदा जुलै महिन्यात, भर दुपारी, पायी फिरून पाहावा.