सक्करदऱ्याच्या अंगणातली बारमाही फुलझाडं

नॉर्वे-स्वीडनच्या बागांतलं हेदर हे झुडूप बर्फाळ हिवाळा सोसतं. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या फुलझाडांची कसोटी मात्र मे महिन्यात लागते, तेव्हा इथे पारा ४५ अंशांवर जातो. हेदरला आम्लधर्मी माती हवी. विदर्भातली काळी माती चुनखडीयुक्त, म्हणून ते इथे तग धरत नाही.

इथे कण्हेर लावा. तिच्या जाड पानांची रंध्रं खाचांत दडलेली असल्यानं पाणी कमी उडतं. मात्र ती विषारी आहे. मुलांना, गुरांना जपा. बोगनवेल पाण्याच्या ताणावर अधिक बहरते. मोगऱ्याचं पाणी हिवाळ्यात तोडा, छाटणी करा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. उन्हाळ्यात फुलं मिळतील. काळ्या मातीत पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून वाफे उंच ठेवा.